तबकातल्या सतरा राण्या

नवऱ्याला एखादा छंद असावा, असं लीनाचं पहिल्यापासून मत होतं. तो घराबाहेर करता येण्यासारखा असावा, एवढं सांगायचं राहून गेलं.

विजयकुमारांचा छंद डायनिंग टेबलावर चालायचा. कुवेतमधल्या मंगफच्या त्या फ्लॅटमध्ये टेबल एकच, त्यामुळे भाजी चिरायची झाली तरी आधी राणीला हलवावं लागे. राणी म्हणजे ऑस्ट्रियाची मारिया तेरेसा. डोक्यावरून पदर, भरलेली हनुवटी, खांद्यावर ठसठशीत ब्रोच, आणि चेहऱ्यावर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हा भाव. लीनाला तिच्याकडे बघितलं की आपल्या चिंचवडच्या आत्याची आठवण यायची आणि हातातलं काम जरा नीट व्हायचं.

ही राणी वारली सतराशे ऐंशी साली. पण तिच्या तोंडाचा चांदीचा डॉलर अरबांच्या मुलखात असा काही रुळला, की लोक दुसरं नाणं हातात धरेनात. मग तिच्या माघारी पुढची दोनशे वर्षं ज्याला गरज पडेल त्यानं तो पाडला. व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनात, पॅरिसात. आणि प्रत्येकानं त्यावर साल घातलं ते सतराशे ऐंशीच. इथल्या जुन्या बाजारात त्याला रियाल फ्रान्सी म्हणतात. यात फ्रान्सचा काय संबंध, असं विचारलं की दुकानदार चहा मागवतो.

थोडक्यात, साल बघून काही कळत नाही. ओळखायचं ते ठशावरून. प्रत्येक टांकसाळीत ठसा कोरणारा हात वेगळा. कुणी ब्रोचचे मोती दाटीनं बसवले, कुणी सुटे. कुणाचा ठिपका अक्षराला चिकटला, कुणाचा लांब राहिला. मागच्या बाजूच्या दोन तोंडांच्या गरुडाच्या शेपटीत कुणी मधलं पीस वर घेतलं, कुणी खाली. हे सगळं विजयकुमार भिंगातून बघत आणि लीनाला सांगत. लीना ‘हं’ म्हणत असे. पण कान हा असा अवयव आहे की ‘हं’ म्हणत असतानाही आत काहीतरी जमा होत राहतं. वर्षभरात तिला, इच्छा नसताना, रोमची शेपटी आणि लंडनची शेपटी यांतला फरक कळायला लागला. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नव्हती.

विजयकुमार तेलकंपनीत गंजतज्ज्ञ होते. पाईपला आतून गंज लागलाय का, किती लागलाय, तो फुटेल का, याचा अहवाल द्यायचा. असा अहवाल देणारा माणूस स्वतःला कधी पूर्ण बांधून घेत नाही. प्रत्येक अहवालाचं शेवटचं वाक्य ठरलेलं: ‘तरीही अन्य शक्यता नाकारता येत नाही.’ हे वाक्य त्यांच्यासोबत रोज संध्याकाळी कंपनीच्या बसनं घरी यायचं.

“आमटीत मीठ जास्त झालंय का हो?”

“जिभेवरून तसं वाटतं. तरीही अन्य शक्यता नाकारता येत नाही.”

लग्न ठरवताना ते नुसतं “मुलगी पसंत आहे” एवढंच म्हणाले होते आणि पुढे काही जोडलं नव्हतं. त्यांच्या प्रेमाचा भक्कम पुरावा म्हणून लीनाकडे काय तो एवढाच होता. तिला तो पुरे होता.

तर त्यांच्या संग्रहात सोळा नाणी होती आणि अल्बममध्ये एक कप्पा रिकामा होता. दुसऱ्या महायुद्धात हे नाणं मुंबईच्या टांकसाळीतही पाडलं गेलं होतं. व्हिएन्ना होती, रोम होतं, लंडन तर चार-चार होती. पण मुंबई नव्हती. आयुष्यभर मुंबईला नावं ठेवलेला हा नाशिकचा माणूस वर्षभर कुवेतच्या बाजारातून मुंबई शोधत हिंडत होता.

आणि अशात खालच्या मजल्यावरच्या तबस्सुमची आई आली.

तबस्सुम आणि तिचा नवरा हमीद रत्नागिरीकडचे. हमीदचं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अब्बासियात, मसाल्याचं दुकान होतं, आणि मंगफमध्ये राहून रोज अब्बासियाला जायचं म्हणजे काय, यावर तो तासभर बोलू शके. तबस्सुमची आई फखरुन्निसा हर्णैची, व्हिजिटवर लेकीकडे आलेली. लीना तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. खाला दुपारची वर यायची, लीनाच्या फराळाच्या तयारीत करंज्यांच्या कडा मुडपायची आणि खाली मान घालून अशी काही बोलायची, की लीनाला हसता हसता सारणात डोळ्यांतलं पाणी पडेल अशी भीती वाटे.

एका संध्याकाळी ती तबस्सुमला घेऊन आली आणि विजयकुमारांनी बघितलं. खालाच्या गळ्यात काळ्या गोफात, चांदीच्या कड्यात बसवलेली राणी.

“खाला,” ते म्हणाले, आणि लीनानं कढईखालचा गॅस बारीक केला, कारण आवाज तिच्या ओळखीचा होता. “हे नाणं कुठलं?”

“तबस्सुमच्या अब्बानी आणलान. कुवेतास्नं.” मग हातातली करंजी तिनं खाली ठेवली. “निदान माका सांगलान तरी तसाच. गलबतावर आलेले हिकडं, तेलबिल नव्हता तवाच्या लोकांच्या मागोमाग. वर्साभरानं परत आले ते हा घेऊन. पन माजी नणंद, खतिजा, ती बोलते तुजा दादला कुवेताचा किनारा पन बघलेला नाय. मुंबैला गोदीत होता वर्सभर, आनि ह्यो मुंबैच्या बाजारातनं घेऊन तुला फशिवलान. चाळीस वर्सं प्रत्येक लग्नात बोलते. माणूस गेला, तरी बोलते.”

“मग तुम्ही काय म्हणता?”

“मी काय बोलनार? मी थोडीच संगती होते?” खालानं विजयकुमारांकडे नीट बघितलं. “तू यातला जाणकार ना? मग एवढा सांग माका. हा मुंबैचा, का हिकडला? शुक्रवारी माजा विमान हाय. खरा काय ता समजला म्हंजे मी मोकळी.”

गळ्यातून तिनं ते नाणं काढलं, तेव्हा मानेवर गोफाची फिकट रेघ दिसली. तबस्सुम म्हणाली, “अम्मीनं हे मला बाळंतपणात पण हातात दिलं नव्हतं, विजयभाऊ. जपून हां.”

जपून! गंजतज्ज्ञाला जपून! विजयकुमारांना जरा लागलंच. त्यांनी नाणं हातरुमालात घेतलं, चष्म्याच्या छोट्या स्क्रूड्रायव्हरनं कडं उकललं आणि राणीला आपल्या सोळा राण्यांशेजारी टेबलावर ठेवलं. सकाळच्या उजेडात बघतो, म्हणाले. पण सकाळी कंपनीतून फोन आला, कुठलातरी पाईप अन्य शक्यता नाकारेनासा झाला होता, आणि ते तसेच बसला पळाले.

त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं.

यात लीनाची चूक काय होती, याचा तिनं पुढे फार विचार केला आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आलं: चूक नव्हतीच. लक्ष्मीपूजनाला घरातली चांदी लख्ख हवी. माहेरी तशी, सासरीही तशी. निरांजन, कुंकवाची कोयरी, अत्तरदाणी, मुंजीतली वाटी असं सगळं तिनं टोपात घातलं आणि मग टेबलावर नजर गेली. सोळा-सतरा चांदीची नाणी, काळी मिचकूट, नवऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाची लक्ष्मी. ती पूजेला अशी बसवायची? आत्याच्या तोंडावर एवढी काजळी? प्रत्येक नाणं पुठ्ठ्याच्या छोट्या चौकटीत होतं. लीनानं एकेक बाहेर काढलं. टूथपावडर, लिंबू आणि जुना ब्रश. दोन तासांत सतरा राण्या अशा लखलखल्या, की त्यांची हनुवटी आणखी भरलेली वाटू लागली. तबकात गोल मांडून तिनं मधे हळदीकुंकू वाहिलं आणि फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. पुण्याहून चौघांनी ‘सुंदर!’ म्हटलं.

विजयकुमार आले, बूट काढले, तबकाकडे बघितलं आणि बुटाशेजारीच खाली बसले.

“जुनी नाणी घासत नाहीत, लीना,” ते अखेर म्हणाले. आवाज इतका मऊ होता की तिला तो ओरडण्याहून वाईट वाटला. “जगात कोणीच घासत नाही.”

“जगात कोणी लक्ष्मीपूजन करत नाही म्हणून,” लीना म्हणाली. पण मग तिचंही लक्ष पुठ्ठ्याच्या रिकाम्या चौकटींकडे गेलं, मग तबकातल्या एकसारख्या सतरा तोंडांकडे गेलं. “अहो… यातली खालाची कोणती?”

खालाचं नाणं जास्त काळं होतं, एवढंच दोघांना आठवत होतं. आता काळं काहीच नव्हतं. झीज बघावी, तर ही सगळीच नाणी कुणा ना कुणाच्या गळ्यात झिजून बाजारात आलेली. कड्यात घालून बघितली, तर सगळी बसली. दोनशे वर्षं जगभर मापात काटेकोर राहणाऱ्या टांकसाळींचा लीनाला प्रथमच राग आला.

पूजा झाली. आरतीत विजयकुमारांचा सूर लागला नाही. तो एरवीही लागत नसे, पण आज लागत नाहीये हे त्यांच्याही लक्षात येत होतं.

फराळाला वरचा जयदीप आला. जयदीप पुण्याचा, प्रोसेस इंजिनियर, आणि सल्ला मागण्याआधीच देऊन मोकळा होणारा. “सिम्पल आहे, विजयसर. आपल्याकडे धातू ओळखायची गन आहे ना, पाईपला लावतो ती? ट्रिगर दाबला की कुठला धातू किती टक्के ते स्क्रीनवर. प्रत्येक नाण्याला लावायची. जे वेगळं निघेल ते खालाचं. उद्याच घेऊन या. वहिनी, चिवड्यात डाळं कमी आहे.”

विजयकुमारांना यात खोट दिसत होती, असं लीनाला नंतर कळलं. पण माणूस घाबरलेला असला की समोरचा जितका ठाम, तितकं त्याचं खरं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सतरा राण्या डब्यात, गुळपोळ्यांच्या खालच्या पुडात भरल्या आणि कंपनीत नेल्या. गन लावली. सतराही नाण्यांत त्र्याऐंशी टक्के चांदी, बाकी तांबं. फरक नाही. राणीच्या नाण्यावर लोकांनी विश्वास का ठेवला, ते निदान सिद्ध झालं.

संध्याकाळी गेटवर डबा यंत्रातून गेला आणि यंत्र वाजलं.

गेटवरचा अशरफ इजिप्शियन, सभ्य आणि अतिशय सावकाश. त्यानं झाकण उघडलं, गुळपोळी उचलली, खालच्या राण्या बघितल्या. “मोहंदिस विजय.” इंजिनियरांना तो मोहंदिस म्हणे. “हे काय?”

“माझी आहेत. घरून आणलेली.”

“आत आणल्याचा कागद?”

“सकाळी आणली तेव्हा कोणी विचारलं नाही.”

“माफी वराका,” अशरफ खेदानं म्हणाला. कागद नाही. “आत आल्याचा कागद नाही, म्हणजे ही आत आलेलीच नाहीत. जी आत आलेली नाहीत ती बाहेर कशी जातील?”

विजयकुमारांनी आयुष्यभर याच पद्धतीचे अहवाल लिहिले होते. त्यांना वाद घालता येईना. कंपनीच्या सामानाच्या यादीत राणी नाही, हे सिद्ध करायचं तर स्टोअरची सही हवी. स्टोअरवाला म्हणाला, जी वस्तू माझी नाही तिच्यावर मी सही का करू? सुरक्षा विभागाला नाण्यांचं वर्णन हवं होतं. विजयकुमारांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘सतराशे ऐंशी सालची चांदीची नाणी, नग सतरा’. ते वाचून प्रकरण एकदम वरच्या मजल्यावर गेलं, कारण अडीचशे वर्षांपूर्वीचा ऐवज तेलाच्या कारखान्यातून निघतोय म्हणजे जमिनीतून निघाला की काय! मग त्यांना खुलासा करावा लागला, की नाणी सतराशे ऐंशीची नाहीत, नुसतं तसं लिहिलेलं आहे. “म्हणजे खोटी?” “खोटी नाहीत.” “मग साल?” “साल खोटं. नाणी खरी.” अशरफनं कपाळाला हात लावला आणि चहा मागवला.

घरी लीना दर अर्ध्या तासानं फोन करत होती आणि खालून खालाच्या हसण्याचा आवाज येत होता. तिला चुकवायला म्हणून लीनानं दुपारभर दार उघडलं नाही. खालानं दाराबाहेर ओटीच्या नारळाएवढी मोठी फणसपोळीची गुंडाळी ठेवली आणि ती गेली. ती गुंडाळी बघून लीनाला रडू आलं. आता यातून सुटणार कसं? एका माणसाचा शब्द खरा होता की खोटा, याचा एवढा एकच साक्षीदार, आणि त्याला तिनं टूथपावडर लावली होती.

शेवटी गुरुवारी दुपारी, जयदीपनं ‘प्रशिक्षणासाठी वापरलेले धातूचे नमुने’ असा शेरा मारून दिला आणि राण्या प्रशिक्षित होऊन घरी परतल्या.

“आता काय?” लीनानं विचारलं.

“आता जे आधीच करायला हवं होतं ते,” विजयकुमार म्हणाले आणि त्यांनी भिंग पुसलं.

आपली सोळा नाणी कुठल्या ठशांची, हे त्यांना पाठ होतं. सतरा तपासायची, त्या सोळांत न बसणारं एक उरेल ते खालाचं. लीना शेजारी खुर्ची ओढून बसली. ते नाणं भिंगाखाली धरत, ती सांगे, “रोम.” ते चमकून तिच्याकडे बघत, मग पुन्हा भिंगात बघत, आणि म्हणत, “हो, रोम.” “लंडन.” “हो.” लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी नवऱ्याला आपल्याविषयी काहीतरी नवं कळतंय, हे बघायला लीनाला त्याही परिस्थितीत छान वाटलं.

तेराव्या नाण्यावर दोघं एकदमच पुढे वाकली. शेपटी रोमची नव्हती, लंडनची नव्हती. विजयकुमारांनी पुस्तक उघडलं, चित्राशेजारी नाणं ठेवलं. 

“मुंबई,” लीनाच म्हणाली.

वर्षभर ज्याच्यासाठी बाजार पालथा घातला ते नाणं. आणि खालाचं. आणि मुंबईचं! खतिजा चाळीस वर्षं बरोबर बोलत होती. लीनानं नवऱ्याकडे बघितलं. पाईप फुटणार हे ज्याला आधी कळतं त्या माणसाचा चेहरा होता तो.

खाला शुक्रवारी सकाळी, विमानाची बॅग बांधून, तबस्सुमबरोबर वर आली. लीनानं कबुली द्यायला उशीर केला नाही; टूथपावडरपासून गेटपर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. तबस्सुमनं तोंडावर ओढणी धरली. खालानं मात्र तबक पुढे ओढलं.

“एवढाच ना? मी वळखते. चाळीस वर्सं छातीवर हाय माज्या.” बोटं फिरवत फिरवत तिनं एक नाणं उचललं, अंगठा राणीच्या गालावर घासला आणि डोळे मिटले. “हाच.”

लीनाला लांबूनही दिसलं. ते व्हिएन्नाचं होतं.

 आता काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. खाला परदेशी नाणं घेऊन सुखानं घरी गेली असती, खतिजाचं तोंड बंद झालं असतं, आणि अल्बमातला रिकामा कप्पा भरला असता. सगळ्यांचं भलं. लीनानं विजयकुमारांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर आपणच डोळ्यांनी काहीतरी सांगून बसू, अशी तिला भीती वाटली. आणि काय सांगू, हे तिला ठाऊक नव्हतं.

“खाला,” विजयकुमार म्हणाले, “ते माझं आहे. तुमचं हे.” त्यांनी खिशातून रुमाल काढला. मुंबई त्यांनी सकाळीच वेगळी गुंडाळून ठेवली होती.

“कशावरनं?”

मग त्यांनी शेपटी सांगितली, ब्रोच सांगितला, ठिपका सांगितला. खाला भिंगाला डोळा लावून सगळं बघत होती. ते व्याख्यान शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती पहिलीच व्यक्ती.

“आनि ह्यो कुठला?”

“मुंबईचा.”

खालानं भिंग खाली ठेवलं. “असं,” एवढंच म्हणाली. तबस्सुम घाईनं म्हणाली, “विजयभाऊ, चूक झाली असेल. इतकी मिसळली होती सगळी…”

“नाय गो,” खाला म्हणाली. “त्याच्यापाशी हाच नव्हता ना? लीना सांगत व्हती, वर्स झाला शोधतोय. मग आपला फायदा सोडून खोटा कशाला बोलंल? खतिजा खरा बोलत व्हती, एवढाच.” तिनं गोफ हातात घेतला आणि तो नुसताच बोटांभोवती गुंडाळत राहिली.

“नाही नाही, खाला, तसं नाही!” विजयकुमार खुर्चीतून उठलेच. “माझं अर्धंच सांगून झालंय. हे मुंबईत पाडलं, पण मुंबईत चालायला नाही! मुंबईत याचा पाव पण मिळत नव्हता, तिकडे आपला रुपया होता. हे पेट्यांत भरून इकडच्या मुलखांसाठी पाठवायला पाडलेलं, कारण इकडे लोक या बाईशिवाय कुणावर विश्वास ठेवत नव्हते. मुंबईहून निघालं, समुद्र ओलांडून इकडे आलं, इथल्या कुणीतरी ते तबस्सुमच्या अब्बांच्या हातावर ठेवलं, आणि ते घेऊन ते हर्णैला गेले. मुंबईचं नाणं कोकणात तुमच्या गळ्यापर्यंत पोचायला मधे इकडचा किनारा लागतो!”

खाला त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हनुवटीपासून वर असा सावकाश उजळत गेला, की लीनाला टूथपावडर आणि लिंबू यांचा फोलपणा कळला.

“तबस्सुम,” ती म्हणाली, “खतिजाला फोन लाव. बघायचा लाव, तोंड दिसाया पायजे तिचा.”

तबस्सुम फोन शोधायला लागली. विजयकुमारांनी चष्मा नीट केला, घसा साफ केला आणि बोट वर केलं. “अर्थात,” ते म्हणाले, “तरीही…”

लीनाला ते बोट पंचवीस वर्षं ठाऊक होतं. पुढचं वाक्यही ठाऊक होतं, आणि ते खरंही असणार हेही. एखादं नाणं बाजूला पडून मुंबईच्याच सराफाकडे गेलं नसेल कशावरून? तिनं चकल्यांची थाळी उचलली आणि नवऱ्याच्या बरोबर हनुवटीखाली धरली. विजयकुमारांनी थाळीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, गळ्यात गोफ घालून आरशासमोर उभ्या राहिलेल्या खालाकडे बघितलं. मग त्यांनी चकली घेतली आणि तोंडात घातली. चकली जरा कडक झाली होती. बराच वेळ चावत राहिले.

तो कप्पा अजून रिकामाच आहे. अल्बम बघायला आलेले लोक हमखास बोट ठेवतात, “आणि हे कुठे गेलं?”

“ते?” विजयकुमार म्हणतात. “ते अजून चलनात आहे.”

आणि पुढे काही जोडत नाहीत.